चांदवडच्या डोंगरांतील लेणी आणि त्यांचे बिननोंदीचे राखणदार

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : गुहा, लेणी व टाकी यांचा शोध, नोंद आणि जतन करणाऱ्या स्वयंसेवक गटांना अधिकृत मान्यता मिळण्याबाबत.

महोदय,

सातमाळा डोंगररांग सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे निघते आणि हातगड, अचला, अहिवंत, मार्कंडा, धोडप असे किल्ले अंगावर वागवत चांदवडला येते. चांदवडच्या पुढे ती मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईपर्यंत जाते. या रांगेतला जवळजवळ प्रत्येक डोंगर माणसाने कोरलेला आहे. कोणाच्या पोटात लेणे आहे, कोणाच्या कड्याखाली पाण्याच्या टाक्यांची ओळ आहे, कुठे नैसर्गिक कपार थोडी खोल करून पहारेकऱ्यांसाठी खोली काढलेली आहे. चांदवड शहराच्या माथ्यावर किल्ला आहे, त्याच डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचे मंदिर आणि चंद्रप्रभ तीर्थंकरांचे छोटे जैन लेणे आहे. शहराच्या उत्तरेला राजदेरवाडी गाव लागते. तिथून एका बाजूला इंद्राई आणि दुसऱ्या बाजूला राजदेहेर या किल्ल्यांवर वाट चढते. पलीकडे कोळदेहेर आणि कांचना आहेत.

हे डोंगर बेसाल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. दोन थरांच्या मधे पुष्कळ ठिकाणी मऊ, सच्छिद्र किंवा तांबूस गेरूसारखा पट्टा राहिला. वरच्या भेगांतून मुरलेले पाणी या पट्ट्यापाशी येऊन अडते आणि आडवे झिरपू लागते. म्हणून कपारी बहुधा कड्याच्या तळाशी, एकाच उंचीवर, ओळीने सापडतात. जुन्या पाथरवटांना हे नेमके ठाऊक होते. लेणे घट्ट कातळात कोरायचे आणि टाके झिरप्याच्या रेषेवर खोदायचे, हा हिशेब त्यांनी नाशिकपासून जुन्नरपर्यंत सगळीकडे पाळलेला दिसतो. चांदवड तालुका अवर्षणप्रवण आहे. पायथ्याच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, त्या वेळीही किल्ल्यावरच्या एखाद्या टाक्यात पाणी असते. गुराखी आणि मेंढपाळ आजही त्याच पाण्यावर विसंबून वर चढतात.

इतिहासाच्या दृष्टीनेही हा मुलूख साधा नाही. सेऊण यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार याची राजधानी चंद्रादित्यपूर म्हणजे आजचे चांदवड, असे अनेक अभ्यासक मानतात. इंद्राईच्या कातळातल्या वाटेवर फारसी शिलालेख आहे. शाहजहानच्या फौजांनी १६३६ च्या सुमारास या पट्ट्यातले किल्ले घेतले, त्या मोहिमेशी तो निगडित आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची आणि मुघल सरदार दाऊदखानाची गाठ कांचन-मंचनच्या खिंडीजवळ पडली आणि वणी-दिंडोरीची लढाई झाली. पुढे होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती. तिथला चांदवडी रुपया दूरवर चालत असे. शहरातला होळकरांचा रंगमहाल त्याच वैभवाचा शेष. १८१८ च्या एप्रिलमध्ये कर्नल मॅक्डॉवेलच्या तुकडीने अंकाई, राजदेहेर आणि इंद्राई पाठोपाठ घेतले. त्यानंतर इंग्रजांनी मराठी मुलखातल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून मोडल्या. वाट मोडली की वरच्या लेण्यांकडे जाणारी पावले थांबली. गवत, माती आणि दगड यांनी पुढचे काम केले.

या सगळ्याची सरकारी नोंद कितपत आहे, हा खरा प्रश्न आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा सोळावा खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. इंद्राई किंवा राजदेहेर यांच्याविषयी लिहायला बसलेला अभ्यासक आजही आधी तोच खंड उघडतो. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरचा ग्रंथ त्याच्याही आधीचा, १८८० चा. त्यात अंकाईच्या जैन लेण्यांचे वर्णन आहे. अंकाईसारखी मोठी लेणी पुढे संरक्षित झाली. पण डोंगराडोंगरांत विखुरलेली एकखणी लेणी, पहाऱ्याच्या गुहा, खांबटाकी, पावसाचे पाणी टाक्यात वळवणाऱ्या कातळातल्या पन्हळी यांची ठावठिकाण्यासह, मोजमापासह केलेली आणि सर्वांना पाहता येईल अशी सलग यादी कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ज्या वस्तूची नोंद नाही तिच्या नुकसानीचीही नोंद होत नाही. आज एखाद्या अनाम गुहेच्या भिंतीवर तेलरंगाने नावे रंगवली गेली, तर कोणत्या रजिस्टरमध्ये काय बदलले हे सांगता येणार नाही.

ही उणीव गेली काही दशके कोणी भरून काढली असेल, तर ती स्वयंसेवकांनी. नाशिक जिल्ह्यात शिवकार्य गडकोट मोहिमेने रामशेजसारख्या किल्ल्यांवर सातत्याने श्रमदान केले आहे. वैनतेय गिर्यारोहण व गिरीभ्रमण संस्थेसारख्या जुन्या संस्थेने प्रस्तरारोहणाचे कसब डोंगरातल्या शोध व बचावकार्यासाठी वापरले आहे. राज्यभर दुर्गवीर, सह्याद्री प्रतिष्ठान, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र असे कितीतरी गट आहेत. यांत नोकरदार आहेत, शेतकऱ्यांची मुले आहेत, शिक्षक आहेत, महाविद्यालयीन मुली आहेत. शनिवारी रात्री एसटीने किंवा दुचाकीवर पायथ्याचे गाव गाठायचे, गावातल्या मंदिरात पथारी टाकायची, पहाटे घमेली-फावडी घेऊन चढायचे आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचे, असा हा क्रम आहे. दोर, हेल्मेट, जेवण, प्रवास यांचा खर्च बहुतेक वेळा वर्गणीतून भागतो.

काम नेमके काय असते ते जवळून पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. कड्याखालच्या एका बुजलेल्या टाक्याचेच उदाहरण घ्यावे. जाणता गट आधी टाक्याच्या कडेची झुडपे बुंध्याशी कापतो. मुळे उपटत नाही, कारण भेगेत शिरलेले मूळ ओढले की कातळाचा पापुद्राही सुटून येतो. मग तोंडाची लांबी-रुंदी मोजली जाते, मोजपट्टी ठेवून चारी बाजूंची छायाचित्रे घेतली जातात. काठावरच्या गोल खोबण्या मोजल्या जातात. त्या बहुधा लाकडी खांबांच्या, म्हणजे टाक्यावर कधीकाळी असलेल्या छपराच्या. त्यानंतर गाळाला हात लागतो. वरचा थर पालापाचोळ्याचा आणि अलीकडे प्लास्टिकच्या बाटल्यांचा. त्याखाली काळी चिकट माती, आणि खाली गेल्यावर वरच्या तटाचे ढासळलेले घडीव दगड. प्रत्येक घमेले सरळ दरीत न ओतता ताडपत्रीवर पालथे करतात आणि माती हाताने चाळतात. खापराचे तुकडे, लोखंडी खिळा, पाटा, कधी नाणे निघते. कोणते घमेले किती खोलीवरून आले, हे एकजण वहीत लिहीत बसतो. बाहेरच्यांच्या लेखी हे वही घेऊन बसणे म्हणजे कामचुकारपणा. प्रत्यक्षात त्या दिवसाचे सर्वांत टिकाऊ काम तेच असते.

नाणे निघाले तर कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. चांदवडी रुपयाच्या मुलखात ही तरतूद कागदापुरती नाही. शिस्तीचा गट पंचनामा करून वस्तू जमा करतो. पण जमा केलेल्या वस्तूसोबत शोधणाऱ्या गटाचे नाव संग्रहालयाच्या पाटीपर्यंत पोचल्याचे क्वचितच दिसते.

गुहेच्या आतले काम याहून नाजूक. लेण्याच्या जमिनीवरची माती हा केर असतोच असे नाही. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत पुरातत्त्व संचालनालयाने केलेल्या उत्खननात अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. ती गुहा कोणी उत्साहाच्या भरात आधीच खराट्याने झाडून लख्ख केली असती, तर तो पुरावा गेला असता. म्हणून आतला पृष्ठभाग खरवडायचा नाही, शेंदराचे थर सोलायचे नाहीत, अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू किंवा पीठ चोळायचे नाही. बॅटरीचा उजेड भिंतीला जवळजवळ समांतर धरला की झिजलेली अक्षरेही सावलीने वाचता येतात. शिलालेखाचा ठसा तज्ज्ञानेच घ्यायचा. तडा गेलेला खांब सिमेंटने भरायचा नाही, कारण सिमेंट पाणी अडवते आणि त्यातले क्षार दगडात उतरून तो आतून फोडतात.

हे नियम सगळेच गट पाळतात असे म्हणणे खरे होणार नाही. काही ठिकाणी उत्साहाने नुकसान केले आहे. जोत्यांचे विखुरलेले दगड उचलून भलतीकडे भिंत रचली गेली, मूर्तींना रंग दिला गेला, गाळ मोजमापाविना उपसला गेला. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी स्वयंसेवकांकडे सावधपणे पाहतात, त्यामागे हा अनुभव आहे आणि तो रास्त आहे. पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. जबाबदारी आणि प्रशिक्षण मिळाले नाही तर चांगला आणि वाईट गट यांत फरक करण्याची सोयच राहत नाही. परवानगीसाठी वर्षभर थांबणारा गट मागे पडतो आणि न विचारता फावडे चालवणारा गट समाजमाध्यमांवर वाहवा मिळवतो. मान्यतेची पद्धत नसल्यामुळे शिस्त पाळणाऱ्याचाच तोटा होतो.

शोधाचे मोल किती, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरची लेणी कॅप्टन डेलामेन याने १८२३ मध्ये पाहिली आणि तेव्हापासून ती अभ्यासली जात आहेत. त्यांच्यावर ग्रंथ झाले, शिलालेखांचे वाचन झाले. तरीही मे २०२१ मध्ये, पावसाळ्यापूर्वीच्या नेहमीच्या साफसफाईत पाण्याची चर मोकळी करताना, तिथे पूर्वी नोंद नसलेली लेणी उजेडात आली. शहराच्या इतक्या जवळ, इतक्या नामांकित डोंगरावर जवळपास दोनशे वर्षे जे दिसले नाही, ते गाळ काढणाऱ्या कामगारांमुळे दिसले. मुंबईत कान्हेरीच्या परिसरात साठ्ये महाविद्यालयाचे प्रा. सूरज पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये केलेल्या पाहणीतून सात नवी लेणी नोंदली गेली. तीही उत्खनन न करता, डोंगर पायाखाली घालून. मग ज्या इंद्राई-राजदेहेरच्या कड्यांखाली तज्ज्ञांची पावले क्वचितच वळतात, तिथे काय काय असेल याची कल्पना करावी.

सर्वांत ठळक उदाहरण कोकणातले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळखोदशिल्पे गावकऱ्यांना माहीत होती, पण ती गावोगाव हिंडून शोधण्याचे, मोजण्याचे आणि लोकांपुढे आणण्याचे काम निसर्गयात्री संस्थेसारख्या स्थानिक गटाने नेटाने केले. पुढे राज्याचा पुरातत्त्व विभाग त्यात उतरला आणि २०२२ मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सुट्टीच्या दिवशी केलेली पायपीट जागतिक यादीपर्यंत पोचू शकते, हे कोकणाने सिद्ध केले. त्यासाठी लागले ते एवढेच की शासनाने स्वयंसेवकांचे काम आपले मानले.

देशात अशा कामाची परंपरा मेघालयात सर्वांत रुजलेली आहे. तिथला खडक चुनखडीचा, त्यामुळे गुहा मैलोन्‌मैल जातात. शिलाँगच्या मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशनने देशोदेशींच्या गुहाशोधकांना सोबत घेऊन १९९० नंतर तिथल्या शेकडो गुहांचे नकाशे तयार केले. तिथल्याच मॉमलू गुहेतल्या एका चुनखडीच्या स्तंभावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणाचा पुरावा मिळाला आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या कातळात असे स्तंभ वाढत नाहीत. इथल्या गुहा लहान आणि बहुतेक माणसाने कोरलेल्या. पण नकाशा नसलेली गुहा विज्ञानाच्या आणि कायद्याच्या दोन्ही दृष्टींनी नसल्यासारखीच, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी लागू पडते.

गुहांचा आणखी एक रहिवासी आहे आणि जतनाच्या चर्चेत तो नेहमी विसरला जातो. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जंगलात भीमगडाजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. राऊटनचे वटवाघूळ म्हणून ओळखली जाणारी दुर्मीळ जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांना प्रथम तिथे आढळली आणि नंतर कित्येक दशके जगात तिचे तेवढेच एक घर माहीत होते. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटावरच्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. लाळेपासून केलेल्या त्यांच्या घरट्यांची तस्करी उघड झाली, तेव्हा चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वन विभागाच्या बरोबरीने तिथे राखण केली आणि वसाहत वाचवली. चांदवडच्या गुहांतही वटवाघळे आहेत. पिलांच्या काळात आत गोंगाट, धूर किंवा प्रखर दिवे नेले तर माद्या पिले टाकून उडतात. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला फुफ्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो, म्हणून बंदिस्त गुहेत मुखपट्टीशिवाय काम करणे धोक्याचे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. अत्तराचा वास, धूर किंवा आरडाओरडा एवढ्या कारणाने ती उठतात, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. जाणत्या गटाला हे वेळापत्रक ठाऊक असते. कोणत्या महिन्यात कोणत्या गुहेत जायचे नाही, हे तो पायथ्याच्या गुराख्याला विचारून ठरवतो.

त्या गुराख्याचाही विचार मान्यतेच्या प्रश्नात आला पाहिजे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याचे लेणे पाहिले, अशी नोंद सर्व पुस्तकांत सापडते. कारण त्याने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. परिसरातल्या लोकांना ती लेणी आधीपासून माहीत होती. पण नाव राहिले ते कोरणाऱ्याचे, तेही चित्र खराब करून. तीच चाल आजही भिंतीभिंतीवर दिसते. आपली दखल कुठेच घेतली जाणार नाही, असे वाटणारा माणूस दगडावर नाव टाकतो. राजदेरवाडीच्या एखाद्या म्हाताऱ्याने दाखवलेली गुहा शहरातल्या गटाच्या नावावर चढते, तेव्हाही तोच अन्याय होतो. शोधाच्या नोंदीत वाट दाखवणाऱ्या गावाचे नाव पहिले असले पाहिजे.

या बाबतीत नाशिकच्या लेण्यांइतका चांगला दाखला दुसरा नाही. त्रिरश्मी डोंगरावर गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याच डोंगरावर मुगूदास नावाच्या कोळ्याने दिलेल्या लेण्याचा लेख आहे, आणि वुधिक नावाच्या लेखनिकाचाही. आणखी मोलाची गोष्ट अठराव्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर आहे. तो भाग धंभिक नावाच्या गावाने दान केला, असे तिथे कोरलेले आहे. तिथे व्यक्तीचे नाव नाही, गावाचे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या जिल्ह्यात राजमाता, कोळी आणि अख्खे गाव यांची नोंद एकाच कातळावर, एकाच पद्धतीने होत होती. टाके खोदून देणाऱ्याचेही नाव टाक्याशेजारी लिहिले जाई. आज तेच टाके गाळ काढून पुन्हा पाण्याने भरणाऱ्या गटाचे नाव लिहिण्याची सोय शासनाकडे नाही.

सध्या जे पुरस्कार आहेत त्यांची चौकट वेगळी आहे. केंद्राचा तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार आणि राज्याच्या शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारातला साहसी उपक्रमांचा विभाग हे व्यक्तीच्या साहसासाठी आहेत. त्यांचे मोल मोठे आहे. पण ज्या कामात शिखर सर करायचे नसते, विक्रम नोंदवायचा नसतो, उलट जिथे पाऊल कमीत कमी उमटणे हेच यश असते, ते काम या चौकटीत बसत नाही. शिवाय ते एकट्याचे नसतेच. दोर बांधणारा, मोजणारा, वहीत लिहिणारा, खाली स्वयंपाक करणारी गावातली बाई, सगळे मिळून ते होते. महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजनेतून संस्थांना स्मारक दत्तक घेता येते. परंतु ती योजना नावाप्रमाणेच संरक्षित स्मारकांसाठी आहे आणि तिला आर्थिक पाठबळ असलेली संस्था लागते. सुट्टीच्या दिवशी श्रमदान करणारे वीस-पंचवीस जण तिच्या अटींत मावत नाहीत.

परवानगीची वाटही सरळ नाही. एखादे लेणे केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असते, दुसरे राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संचालनालयाकडे, आणि भोवतीचा डोंगर वन विभागाकडे. केंद्रीय संरक्षित स्मारकाला इजा पोचवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या गुहेचा कोणत्याच यादीत उल्लेख नाही, तिच्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा हे कोणीच नीट सांगत नाही. गट एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरतात आणि तोवर पावसाळा येतो.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. त्यामुळे पर्यटकांचा ओघ वाढेल आणि तो साल्हेरपुरता थांबणार नाही. सातमाळेतल्या शेजारच्या किल्ल्यांवरही गर्दी होईल. नोंद करायची असेल तर ती गर्दीच्या आधी झाली पाहिजे.

म्हणून मागणी शाल-श्रीफळाची नाही. सत्कार समारंभ एका संध्याकाळी संपतो आणि दुसऱ्या दिवशी गटाच्या हाती काही राहत नाही. मान्यता कामाला उपयोगी पडेल अशी हवी. नाशिकला सरकारवाड्यात संचालनालयाचे विभागीय कार्यालय आहे. तिथे गुहा, लेणी व टाक्यांची खुली नोंदवही सुरू करावी आणि प्रत्येक नोंदीसमोर शोधणाऱ्या गटाचे व वाट दाखवणाऱ्या गावाचे नाव लिहावे. अचूक ठावठिकाणा मात्र कार्यालयातच ठेवावा, म्हणजे मूर्तिचोर आणि गुप्तधनाच्या शोधातले लोक तिथे पोचणार नाहीत. ज्या गटांनी मोजमाप, छायाचित्रे आणि गाळ काढण्याची शास्त्रीय पद्धत यांचे प्रशिक्षण पूर्ण केले आहे त्यांना ओळखपत्र द्यावे, ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि कामाच्या दिवशी जाणकार तंत्रसहायक पाठवावा. दोरावर काम करणाऱ्यांचा अपघात विमा शासनाने काढावा. ओळखपत्र जसे द्यायचे तसे नियम मोडल्यास काढूनही घ्यायचे. शिस्तीच्या गटांचीच ही अट मान्य करण्याची तयारी असते.

चांदवडला याची सुरुवात करणे सोपे आहे. १९२८ पासून इथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या आहेत. त्यांत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सर्वेक्षणाचे धडे गिरवणाऱ्या विद्यार्थ्यांनी रिकाम्या मैदानाऐवजी इंद्राईची टाकी मोजली, तर अभ्यासही होईल आणि नकाशाही तयार होईल. इतिहासाचे विद्यार्थी, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, राजदेरवाडीसारख्या गावांची ग्रामपंचायत आणि नाशिकचे अनुभवी गिर्यारोहक यांना एका कागदावर आणायला फार खर्च लागत नाही. एका हिवाळ्यात चांदवड, इंद्राई, राजदेहेर आणि कोळदेहेर या चार डोंगरांची नोंद पूर्ण होऊ शकते.

आणि पुरस्कार द्यायचाच असेल, तर तो गटाला द्यावा. राज्य पातळीवर लेणी व गुहा जतनासाठी एक सांघिक पुरस्कार असावा. त्याची निवड भाषणांवरून आणि छायाचित्रांवरून न करता त्या गटाने संचालनालयात जमा केलेल्या नकाशांवरून आणि नोंदींवरून करावी. पुरस्कारासोबतची रक्कम दोर, हेल्मेट, मोजमापाची साधने आणि पुढच्या वर्षीच्या कामासाठीच खर्च व्हावी.

सातमाळेत मोहिमांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाच्या झळा लागेपर्यंत चालतो. येत्या हंगामाआधी चांदवड तालुक्यापुरता हा उपक्रम प्रायोगिक म्हणून मंजूर करावा, त्यासाठी विभागीय कार्यालयाला लेखी आदेश द्यावेत आणि पहिल्या नोंदवहीत राबणाऱ्या गटांची व गावांची नावे घालावीत, अशी या पत्राद्वारे आग्रहाची विनंती आहे.